मोरपंखी की मोतिया? रंगाआधी भिंत ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये 1998 सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके. हॉल 10 बाय 16 फूट, उत्तरेकडच्या आखूड भिंतीत गॅलरीचं दार, हॉलला दुसरी खिडकी नाही. ताईंना सगळा हॉल मोरपंखी हवाय. त्यांच्या मिस्टरांना मोतिया, म्हणजे किंचित पिवळसर पांढरा. सासूबाई म्हणतात, मोरपंखी लावलात तर भर दुपारी दिवा लावून बसावं लागेल. पेंटरने मधला मार्ग काढला: टीव्हीची लांब भिंत मोरपंखी, बाकी तीन मोतिया. आणि ताई विचारतात, "दोन्हींत चांगला रंग कुठला?"

ताई, मी 24 वर्षं घरांना रंग देतोय. सुरुवात केली ती दुसऱ्याच्या हाताखाली पॉलिश पेपर घासायला. तेव्हापासून एवढं पाहिलंय की घरात भांडण रंगावरून होतं आणि काम बिघडतं ते भिंतीवरून. तुम्ही शेडकार्ड समोर ठेवून दोन रंगांची तुलना करताय. मी तुमच्या जागी असतो तर आधी चार भिंतींची तुलना केली असती. कुठल्या भिंतीवर उजेड समोरून पडतो, कुठल्या भिंतीला तो चाटून जातो, कुठली भिंत सतत हाताळली जाते आणि कुठल्या भिंतीच्या मागे बाथरूम आहे, एवढं कळलं की रंगाचा निम्मा निकाल लागतो.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, त्या आधी सांगतो. गॅलरीसमोर मोकळं आहे की दहा फुटांवर दुसरी इमारत? गॅलरीत कपडे वाळत घालता का? हसू नका, दोन चादरी आणि चार टॉवेल दोरीवर असले की हॉलचा बराच उजेड तिथेच अडतो. फरशी कसली आहे, क्रीम टाइल्स की काळसर कोटा? वायरिंग भिंतीच्या आत आहे की केसिंग पट्टीतून बाहेरून फिरवलंय? यातलं काहीही बदललं तर माझं उत्तर थोडं सरकेल.

आता उजेडाचा हिशोब. प्रत्येक शेडला एक आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. भिंतीवर पडलेल्या शंभर भाग उजेडापैकी किती भाग ती परत फेकते, तो हा आकडा. बऱ्याच कंपन्यांच्या शेडकार्डावर किंवा वेबसाइटवर तो मिळतो. मोतियासारखी शेड साधारण 80 च्या पुढे असते, गडद मोरपंखी 10 च्या आसपास. आपण 82 आणि 9 धरू. उजेड दारातून आत येतो आणि भिंतीभिंतींवर आपटत खोलीभर पसरतो. मोतियावर एकदा आपटून 82 उरतो, दोनदा आपटून 67. मोरपंखीवर एकदा आपटून 9 आणि दुसऱ्यांदा एकसुद्धा नाही. दार एकच असलेल्या हॉलचं मागचं टोक अशा परत आलेल्या उजेडावरच जगतं. म्हणजे पूर्ण हॉल मोरपंखी करायचा असेल तर सासूबाई बरोबर आहेत.

पण एक भिंत केली तर? दारं-पॅसेज वजा न करता ढोबळ हिशोब मांडतो. उंची साडेनऊ फूट धरली तर लांब भिंती प्रत्येकी 152 चौरस फूट, आखूड 95, एकूण 494. एक आखूड भिंत गडद केली तर चारही भिंतींची सरासरी 82 वरून 68 वर येते. एक लांब भिंत केली तर 60 वर. 68 चा हॉल अंधारा वाटत नाही. 60 सुद्धा चालून जातो, पण लांब भिंतीला माझा विरोध वेगळ्याच कारणासाठी आहे.

ते कारण मला सिंहगड रस्त्यावरच्या एका घरात कळलं, स्वतःच्या खिशातून पैसे घालून. तिथेही हॉल लांबट, एका टोकाला मोठी खिडकी, आणि खिडकीला लागून असलेली लांब भिंत वांगी रंगाची करायची होती. फिनिश त्यांनी चमकदार निवडला होता आणि मीही 'हो' म्हणालो. संध्याकाळी काम संपलं तेव्हा ट्यूबलाइटच्या उजेडात भिंत आरशासारखी दिसत होती. घरमालकीण बाईंनी चहा दिला, मी खुशीत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन: "दादा, जरा येऊन बघता का, भिंतीला लाटा आल्यात." गेलो. खरंच लाटा होत्या. लांबी, म्हणजे पुट्टी, भरताना तिचा पत्रा जिथे जिथे उचलला होता, तिथे वीतभर अंतरावर उभी उंचसखल रेघ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खिडकीतून येणारा उजेड भिंतीला चाटून जात होता, त्यामुळे केसाएवढा उंचवटासुद्धा सावली टाकत होता. आधी तीच भिंत क्रीम होती तेव्हाही तिच्यात खोट असणारच, पण फिक्या रंगात सावली विरून जाते आणि गडद चमकदार रंगात ती ओरडून सांगते. सगळं घासलं, पुन्हा दोन हात लांबी, पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग, या वेळी मॅट. चार दिवस गेले. तेव्हापासून लांबी घासून झाली की खोलीचे सगळे दिवे बंद करून हँडलॅम्प भिंतीला टेकवून फिरवतो. जिथे सावली दिसेल तिथे पेन्सिलीने गोल करायचा आणि पुन्हा पत्रा मारायचा. तुमच्या पेंटरकडूनही हे करून घ्या. त्याने नाक मुरडलं तर तुम्हीच मोबाइलचा टॉर्च लावून फिरवा.

तुमच्या टीव्हीच्या भिंतीचं तेच आहे. उत्तरेच्या दारातून येणारा उजेड दोन्ही लांब भिंतींना चाटत जाणार. 1998 चा गिलावा ओळंब्यात असेलच असं नाही. त्या भिंतीवर गडद रंग म्हणजे पंचवीसएक वर्षांपूर्वीच्या गवंड्याची परीक्षा.

गॅलरीची उत्तर भिंत तर गडद करूच नका. तिच्यात दार आहे, म्हणून स्वतः तिच्यावर थेट उजेड पडत नाही. मधे झगझगीत दार आणि भोवती काळपट भिंत असं झालं की डोळे दिपतात, आणि दाराकडे तोंड करून बसलेल्या माणसाला खोली आहे त्याहून अंधारी वाटते.

राहिली दक्षिणेची आखूड भिंत, गॅलरीच्या बरोबर समोरची. तिच्यावर उजेड समोरून पडतो, म्हणून उंचसखलपणा लपतो. क्षेत्र सर्वांत कमी. आणि 10 बाय 16 चा हॉल बोगद्यासारखा वाटतो, ती तक्रारही तिथे थोडी कमी होते, कारण टोकाची गडद भिंत जवळ आल्यासारखी दिसते. मोरपंखी हवाच असेल तर तो इथे. यात खोट आहे तीही सांगतो: दारापासून सोळा फूट आत असल्यामुळे तिथे उजेड मुळातच कमी असतो, त्यामुळे दिवसा ही भिंत शेडकार्डापेक्षा दोन पायऱ्या गडद दिसेल. म्हणून शेडकार्डावर जी आवडलीय तिच्याहून एक पायरी फिकी शेड घ्या.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पूर्ण मोरपंखी नको, टीव्हीची भिंत नको, दाराची भिंत नको, समोरची चालेल. फक्त एकच रंग घ्यायचा ठरलं तर मी मोतिया घेईन. पण मिस्टरांनी लगेच जिंकल्याचा आनंद मानू नये, कारण मोतियाही वाटतो तितका गरीब नाही.

पांढऱ्यातसुद्धा झाक असते. पूर्वी चुन्याच्या सफेदीत नीळ टाकायचे ते याचसाठी, पिवळटपणा मारून भिंत शुभ्र दिसावी म्हणून. आज तोच प्रश्न उलटा येतो. उत्तरेचा उजेड मुख्यतः आकाशाचा, म्हणून निळसर असतो. उत्तरेला ऊन येत नाही असं आपण म्हणतो, पुण्यात ते अर्धंच खरं आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, शून्य सावलीचे दोन दिवस याच दोन टोकांना येतात, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या गॅलरीत डोकावतं. अर्थात जून-जुलैत ढगच असतात, तो भाग सोडा. उरलेलं वर्ष निळसर उजेडच. त्यात निळ्या किंवा करड्या झाकेचा पांढरा लावला की हॉल दवाखान्याच्या व्हरांड्यासारखा दिसतो. म्हणून तुमच्याकडे किंचित पिवळी-तांबूस झाक असलेला मोतियाच बरा. फार पिवळा मात्र नको. रात्री पिवळसर दिवे लावलेत तर तीच भिंत लोण्यासारखी दिसेल.

दिव्यांचंही बघून घ्या. बल्बच्या खोक्यावर 3000 के, 4000 के, 6500 के असा आकडा असतो. 6500 च्या पांढऱ्या ट्यूबखाली मोरपंखी निळ्याकडे झुकतो, 3000 च्या पिवळ्या दिव्याखाली हिरव्याकडे, आणि थोडा मळकट होतो. "दुकानात निळा होता, घरी हिरवा आला" ही तक्रार मी किती वेळा ऐकलीय याची गणती नाही. बहुतेक वेळा डबा बरोबर असतो, दिवा वेगळा असतो. हॉलला 4000 के घेतलेत तर दोन्ही रंग बऱ्यापैकी आपल्या जागी राहतात.

मळण्याबद्दल सगळ्यांचा समज असा की गडद रंगावर डाग दिसत नाहीत. वेगळे दिसतात, एवढंच. सोफ्याच्या मागची भिंत घ्या. आपल्याकडे डोक्याला खोबरेल तेल असतं, आणि क्रिकेट बघताना माणूस मान मागे टाकतो. मोतियावर वर्षभरात पिवळसर गोल उमटतात, माणशी एक. मोरपंखी मॅटवर त्याच जागी काळपट चकाकी येते. मोतियाचा गोल ओल्या फडक्याने बराचसा जातो, गडद मॅटवर मात्र घासलं की घासलेली जागाच चमकायला लागते. शिवाय गडद मॅटवर नख किंवा खुर्चीची पाठ घासली की पांढरी रेघ उठते. तुमच्या घरी पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर हे विसरू नका. दक्षिणेच्या भिंतीला डायनिंग टेबल लावणार असाल तर खुर्च्या भिंतीपासून चार बोटं पुढे राहतील अशी सोय करा. किंवा चाळीतली जुनी युक्ती वापरा. जिन्यात आणि व्हरांड्यात कमरेपर्यंत गडद ऑइलपेंट असायचा आणि वर चुना. हात लागतो तिथे धुता येणारा गडद रंग, उजेड लागतो तिथे पांढरा. बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये साडेतीन फुटांपर्यंत मोरपंखी आणि वर मोतिया, हे अजूनही फार छान दिसतं. फक्त मधली रेघ लेव्हल लावून मारा, फरशीवरून मोजून नाही, कारण फरशीला उतार असतो.

केसिंग पट्टीचं आधी विचारलं ते यासाठी. जुन्या फ्लॅटमध्ये नंतर वाढवलेले पॉइंट पट्टीतून फिरवलेले असतात. मोतिया भिंतीवर पांढरी पट्टी आणि पांढरा स्विचबोर्ड जवळजवळ दिसेनासे होतात. मोरपंखीवर तेच नकाशातल्या रस्त्यांसारखे उठून दिसतात. पट्टीवरच रंग मारला तर वर्षभरात त्याचे पोपडे निघतात. गडद भिंतीत पट्टी असेल तर आधी ते वायरिंग आत घ्या, नाहीतर तो रंग विसरा. तीच गोष्ट छताच्या कडेची. गडद भिंत आणि पांढरं छत जिथे मिळतं तिथे स्लॅब वाकडा असेल तर ती रेघ लगेच चुगली करते. अशा वेळी मी रेघ स्लॅबप्रमाणे मारत नाही, दोरी लावून सरळ मारतो आणि छताचा पांढरा रंग दोन-तीन सूत खाली भिंतीवर घेतो.

ओलीकडे वळतो, कारण इथे दोन्ही रंगांचं सोंग उघडं पडतं. मोतियावर ओल आली तर पिवळे-तपकिरी नकाशे उमटतात. मोरपंखीवर लोणा येतो, म्हणजे भिंतीतले क्षार पांढऱ्या भुकटीसारखे बाहेर येतात आणि निळ्या भिंतीवर कुणी पीठ उडवल्यासारखं दिसतं. कुठलीही शेड ओलीवर इलाज नाही. ज्या भिंतीच्या मागे बाथरूम किंवा बाहेरची बाजू आहे, तिच्यावर दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतून येतेय. आधी प्लंबर, मग पेंटर. बरेच लोक दिवाळीआधी घाई करतात, आणि पितृपक्षात कारागीर मोकळे असतात म्हणून भावही बरा मिळतो, पण तेव्हा पावसाने भिजलेली भिंत आतून वाळलेली नसते. बाहेरच्या भिंतीला पाऊस थांबल्यावर निदान तीन-चार आठवडे कोरडी हवा मिळू द्या.

नमुना कसा बघायचा, यात बहुतेक लोक चुकतात. शेडकार्डावरच्या टिकलीवरून गडद रंग ठरवू नका, आणि सध्याच्या भिंतीवर पट्टे ओढूनही ठरवू नका. जुनी भिंत गुलाबी असेल तर शेजारचा मोरपंखी आहे त्याहून हिरवा दिसतो. एका आर्किटेक्ट मॅडमनी मला यावर एक गोष्ट सांगितली होती. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबेलिन्स कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रं विणत, तक्रार आली की काळ्या धाग्याचा रंग फिका आहे. शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तपासलं तर रंग ठीक होता, शेजारचे धागे त्याला फिका दाखवत होते. तर, प्लायचे दोन बाय तीन फुटांचे दोन तुकडे घ्या, प्रायमर आणि दोन-दोन हात मारा, आणि पूर्ण वाळू द्या. इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, ओलं असताना फिकं दिसतं, वाळल्यावर गडद होतं. मग ते तुकडे ज्या भिंतीवर रंग लागणार तिथेच उभे करा, सकाळी, दुपारी, पाच वाजता आणि रात्री दिवे लावून. दुकानाबाहेर उन्हात बघितलेला मोरपंखी आणि तुमच्या दक्षिणेच्या भिंतीवरचा मोरपंखी हे दोन वेगळे रंग आहेत असं समजा.

मालाचं पटकन सांगतो. चांगलं इमल्शन गुळगुळीत भिंतीवर दोन हातांत लिटरला साधारण 120 ते 140 चौरस फूट जातं. गडद शेड ज्या बेसमध्ये, म्हणजे शेड मिसळायच्या मूळ मालात, बनते त्यात पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून ती कमी झाकते आणि तिसरा हात लागतो. 95 फुटांच्या भिंतीला तीन हात म्हणजे लिटरभराहून थोडा जास्त माल. एकच लिटर आणलात तर शेवटचा कोपरा उरणार, आणि पुन्हा बनवलेला डबा तंतोतंत जुळेल याची खात्री नाही. दोन लिटर एकाच वेळी बनवून घ्या आणि दोन्ही डबे बादलीत एकत्र ढवळून मगच लावा. पहिल्या हाताआधी प्रायमरला करडी झाक दिली तर काम सोपं होतं. फिनिश गडद भिंतीला मॅट, मोतियाला हलकी चकाकी चालेल, पुसायला बरी. उरलेला मोरपंखी छोट्या घट्ट बाटलीत भरून ठेवा आणि डब्याच्या लेबलचा फोटो काढा, शेड नंबर आणि बॅच नंबर दिसेल असा.

क्रम मी असा लावेन. आधी चारही भिंती मोतिया करून घ्या, दक्षिणेचीसुद्धा. पंधरा दिवस तिथे मोरपंखीचा प्लाय उभा ठेवून राहा. फिक्यावरून गडदवर जायला एक दिवस पुरतो. गडदवरून फिक्यावर यायचं तर पुन्हा प्रायमर आणि वर दोन-तीन हात. मिस्टरांनाही पंधरा दिवसांत तो तुकडा आवडायला लागण्याची शक्यता असते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. उलटंही पाहिलंय.

एक विचारायचं राहिलं. सासूबाई पेपर वाचायला कुठे बसतात? गॅलरीजवळ बसत असतील तर दक्षिणेच्या भिंतीने त्यांचं काही बिघडत नाही. पण त्यांची खुर्ची आतल्या टोकाला असेल तर तिथे डोक्यामागे एक दिव्याचा पॉइंट काढून घ्या, आणि तो लांबी भरायच्या आधी. नंतर आठवलं तर नवी भिंत फोडून पुन्हा पॅच मारावा लागेल, आणि मोरपंखीवरचा पॅच दिसतोच.